मांजर घरातच ठेवायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडच्या फ्लॅटमधून येतात, काही गावाकडून आणि अधूनमधून परदेशातूनही. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मांजराला जन्मभर घरात ठेवणं म्हणजे कोंडून घालणं नाही का?

नुसतं दार लावलं आणि एक वाटी, एक उशी दिली, तर होय, ते कोंडणंच आहे. पण मांजराचा दिवस कसा जातो ते बघा. बारा ते सोळा तास झोप. उरलेल्या वेळात थोडी शिकार किंवा शिकारीचं नाटक, उंचावरून टेहळणी, नखं घासणं, अंग चाटणं आणि आपल्या हद्दीतून एक फेरी. सोय केली तर हे सगळं वन बीएचकेतही होतं (प्रश्न ८).

आता शहरातलं 'बाहेर' काय आहे? गाड्या, मोकाट कुत्री, औषध खाऊन अर्धमेले झालेले उंदीर, झाडांत अडकलेला मांजा, आणि बोक्यांच्या मारामाऱ्या. चाव्यातून एफआयव्ही नावाचा विषाणू पसरतो. तो मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो आणि एकदा शिरला की निघत नाही.

२. आमच्या आजीच्या वाड्यात मांजरं मोकळीच फिरायची. त्यांना कुठे काय व्हायचं?

व्हायचं, फक्त कुणी मोजायचं नाही. 'बोका गेला कुठेतरी' आणि 'चारांपैकी एक पिल्लू राहिलं' ही वाक्यं त्याच वाड्यातली आहेत. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत वितात, त्यामुळे गेलेल्यांची जागा लगेच भरायची. शिवाय त्या वाड्याबाहेर आज असते तशी रहदारी नव्हती.

३. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मांजर चार पायांवरच पडतं म्हणतात, मग जाळीची एवढी घाई का?

मांजर हवेत स्वतःला वळवून पाय खाली घेतं, हे खरं आहे. पण पाय खाली आल्याने जमीन मऊ होत नाही. उंचावरून पडलेल्या मांजरांच्या छातीला मार बसतो, फुप्फुसाभोवती हवा साठते, जबडा मोडतो, टाळू फाटते, पुढचे पाय जातात.

१९८७ साली न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातला १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि तेव्हापासून 'मांजराला काही होत नाही' याचा पुरावा म्हणून तो आकडा सांगितला जातो. पण तो रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे. जी जागीच गेली त्यांना कुणी टॅक्सीत घालून नेलं नव्हतं.

मांजर कठड्यावर चालताना सहसा पडत नाही. ते पडतं समोरच्या कबुतरावर झेप घेताना, किंवा खिडकीच्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर झोपेत कूस बदलताना. कबुतरं किती आहेत ते मुंबई-पुण्यात सांगायला नको. म्हणून माझा आग्रह असा की आधी जाळी, मग मांजर. 'पिल्लू लहान आहे, अजून उडी मारता येत नाही' हे वाक्य आठवडाभरच खरं असतं.

४. जाळी कोणती लावायची?

फायबरची मच्छरजाळी डासांसाठी असते. मांजर ती नखांनी फाडतं किंवा अख्खी चौकट ढकलून देतं. स्टीलची बारीक जाळी खिडक्यांना सगळ्यात भरवशाची. हवा थोडी कमी येते आणि ती पुसत राहावी लागते.

बाल्कनीला बहुतेक जण कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी लावतात. मोठ्या, शांत मांजराला ती चालते. पण दोन गोष्टी तपासा. एक, भोक इंचापेक्षा मोठं नको, नाहीतर पिल्लाचं डोकं अडकतं. दोन, खालची कड. लावणारे वरचे हूक नीट ठोकतात आणि तळाला जाळी सैल सोडतात, आणि मांजर बरोबर तिथूनच निघतं. उन्हाने नायलॉन कुजतो, तेव्हा दर पावसाळ्याआधी ताणून बघा. दोऱ्या चावणारं मांजर असेल तर नायलॉनच्या वाटेला जाऊच नका.

हल्ली स्टीलच्या तारा उभ्या ओढून केलेली 'इन्व्हिजिबल ग्रिल' फार दिसते. ती मुलांसाठी ठीक आहे. तारांमधल्या दोन-तीन इंचांतून सडपातळ मांजर आरामात जातं.

विसरली जाणारी जागा म्हणजे बाथरूमची डक्टमध्ये उघडणारी खिडकी. काचेच्या पट्ट्यांमधून मांजर डक्टमध्ये पडतं, आणि तिथून काढायला कधीकधी अग्निशमन दलाला बोलवावं लागतं.

५. भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत.

खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर जाळी केबल टायने त्यालाच आतून बांधा. जाताना कापून न्या. ग्रिल नसेल तर खिडकीच्या मापाची लाकडी चौकट करून घ्या आणि ती खाचेत घट्ट बसवा. सरकत्या काचेला स्टॉपर लावून ती दोन बोटं एवढीच उघडी ठेवता येते. बाल्कनीला काहीच करता येत नसेल तर बाल्कनी मांजरासाठी नाही, एवढंच. दर्शनी भागाच्या नियमावरून सोसायटी अडवत असेल तर जाळी कठड्याच्या आतल्या बाजूने लावण्याचा प्रस्ताव लेखी द्या.

६. सोसायटी म्हणते मांजर पाळायचंच नाही. असा नियम करता येतो का?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. घाण, वास, शेजाऱ्यांना त्रास याची जबाबदारी मात्र तुमची. घरातच राहणारं, नसबंदी झालेलं मांजर या वादात तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा असतो.

७. दार उघडलं की बाणासारखी सुटते. काय करू?

दाराशी तिचे लाड करायचे नाहीत, येतानाही नाही आणि जातानाही नाही. आत येऊन ठरलेल्या जागी, दारापासून लांब, खाऊ द्यायचा. महिन्याभरात ती दाराऐवजी तिथे वाट बघू लागते. सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या नक्षीतून पिल्लू जातं, म्हणून आतून ॲक्रिलिकची शीट लावा.

गणपतीत, लग्नघरात, रंगकामाच्या वेळी, म्हणजे जेव्हा दार उघडंच असतं तेव्हा, मांजर आतल्या खोलीत, पाणी आणि लिटरसकट (म्हणजे शी-शूच्या मातीच्या ट्रेसकट), आणि दारावर मोठी चिठ्ठी: 'आत मांजर आहे, उघडू नये.' पाहुण्यांना तोंडी सांगितलेलं मोदक खाईपर्यंतही लक्षात राहत नाही.

८. आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात. कंटाळून वेडी होईल ना?

दिवसा ती झोपणार आहे. प्रश्न तुम्ही घरी असतानाचा आहे. सकाळी आणि रात्री दहा-पंधरा मिनिटं खेळ, तोही तुम्ही हलवलेल्या खेळण्याशी. काठीला दोरी, दोरीला पीस. शिकार पळते तसं ते पळवा: फर्निचरमागे दडवा, थांबवा, पुन्हा निसटू द्या. मांजराच्या तोंडावर नाचवलं तर ते तोंड फिरवतं. कुठलाही उंदीर मांजराच्या अंगावर चालून येत नाही. शेवटी पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. पाठलाग, पकड, जेवण, चाटणं, झोप असा तो क्रम आहे. खेळ झाला की दोरी कपाटात (प्रश्न १५).

बाकी गोष्टी एकदाच करायच्या. उंची हवी: कपाटाच्या वर जायला पायरीसारख्या दोन फळ्या पुरतात. मांजराला चौरस फूट नाही, उंची लागते. जाळी असलेल्या खिडकीशी बसायला जागा. लपायला खोका. थोडं कोरडं खाणं पुठ्ठ्याच्या नळीत घालून लपवलं की तासभर उद्योग मिळतो. लेझरच्या ठिपक्यामागे पळवत असाल तर शेवटी खरं काहीतरी पकडायला द्या, नाहीतर चिडचिड वाढते.

सोबतीला दुसरं मांजर आणावं का? दोन भावंडं पहिल्यापासून एकत्र आणली तर उत्तम. पाच वर्षं एकट्याने राज्य केलेल्या मांजरावर नवं पिल्लू लादणं ही तिला दिलेली भेट नसते. आणायचंच तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोल्या, आधी वासाची ओळख, मग दाराच्या फटीतून, मग समोरासमोर.

९. पहाटे चारला किंचाळते.

मांजर संधिप्रकाशात जागं असणारा प्राणी आहे, पहाट ही त्याच्या शिकारीची वेळ. झोपण्याआधी खेळ आणि मग रात्रीचं मुख्य जेवण, असा क्रम लावा. आणि पहाटे उठून खायला देऊ नका, एकदाही नाही. ओरडणं लोळण घेत, कळवळून असेल तर प्रश्न ११ पाहा. म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या.

१०. सोफ्याच्या चिंध्या झाल्या. नखं कायमची काढता येतात का?

ते नखं काढणं नसतं, बोटाचं शेवटचं हाड कापणं असतं. ते करू नका. नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापा आणि घासायला सोफ्यापेक्षा चांगलं काही द्या: मांजर अंग ताणून उभं राहील एवढा, म्हणजे सुमारे तीन फुटी, न हलणारा लाकडी खांब, त्याला घट्ट गुंडाळलेली सुतळी. तो कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याशेजारीच ठेवा. नखांच्या खुणा चारचौघांत दिसाव्यात अशीच तिची इच्छा असते.

११. बाहेर जाणारच नाही, तर नसबंदी कशाला?

कारण माजावर आलेली मांजरी आत राहायलाच तयार नसते. चार-पाच महिन्यांतच पहिला माज येऊ शकतो, आणि घरातल्या दिव्यांच्या उजेडात तो दोन-तीन आठवड्यांनी वर्षभर परत येत राहतो. बोका पडद्यांवर मुतून हद्द आखतो आणि दारावर धडका देतो. निसटलेल्या मांजरांत नसबंदी न झालेली कितीतरी असतात. शिवाय मांजरीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो आणि लवकर केली तर स्तनांच्या कर्करोगाचाही बराच कमी होतो. पहिला माज किंवा एक वेत होऊ द्यावं, या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही.

१२. मग लसही नको ना?

लस हवी. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो आणि वर्षभरसुद्धा टिकतो. पिल्लांना तो दोन-तीन दिवसांत नेतो. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे होईपर्यंत डोस, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस. पुढचं वेळापत्रक डॉक्टर सांगतील. रेबीजची लस घरातल्या मांजरालाही चुकवू नका. वटवाघूळ खिडकीतून येतं, आणि मांजर एखाद दिवस निसटतंही.

१३. लिटरचा वास घरभर येतो. आणि हल्ली ती ट्रेबाहेरच बसते.

मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. जागा शांत, वॉशिंग मशीनशेजारी नको. बेंटोनाइटची गुठळी होणारी माती बहुतेकांना आवडते. टोफूची हलकी असते. बांधकामाची वाळू स्वस्त पडते पण वास धरते. दिवसातून दोनदा गुठळ्या काढल्या तर वास येत नाही. अत्तर फवारू नका, मांजर ट्रे सोडून देतं.

ट्रेबाहेर बसणं हा बहुतेकदा निरोप असतो: ट्रे घाण आहे, जागा नको आहे किंवा लघवीला दुखतंय. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबच येतोय किंवा काहीच येत नाहीये, तर ती बद्धकोष्ठता समजून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री दवाखाना गाठा. आळशी, वजन वाढलेल्या घरबशा बोक्यांत हे जास्त दिसतं, म्हणून ओलं खाणं आणि तीन-चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या.

१४. सूनबाईंना दिवस गेलेत. सगळे म्हणतात मांजर सोडून या.

भीती टॉक्सोप्लाझ्माची, त्याने पोटातल्या बाळाला अपाय होईल याची असते. तो जंतू मांजराला कच्च्या मांसातून किंवा उंदरा-पक्ष्यांतून मिळतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर मांजर साधारण एक ते तीन आठवडेच त्याची अंडी विष्ठेतून टाकतं, सहसा आयुष्यात एकदाच. ती अंडी ताज्या विष्ठेत घातक नसतात, त्यांना किमान एक दिवस लागतो. म्हणजे घरातच असलेलं, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारं, रोज ट्रे साफ होणारं मांजर हा फार छोटा धोका आहे. माणसांना तो बहुतेकदा अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून होतो.

तेव्हा नऊ महिने ट्रे दुसऱ्या कुणीतरी काढावा (मुलगा काढू शकतो), कोशिंबिरीच्या भाज्या नीट धुवाव्यात, आणि शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी. मांजर सोडून देण्याबद्दल: उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

१५. घरात तरी सगळं सुरक्षित असतं ना?

नाही. 'आतच ठेवा' म्हणणारे इथे कमी बोलतात. मांजराचं यकृत बऱ्याच रसायनांचा निचरा आपल्यासारखा करू शकत नाही. तापाची पॅरासिटामॉल, एक गोळीसुद्धा, त्याचा जीव घेऊ शकते. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला लावले तर झटके येतात. झुरळांचा खडू, डांबरगोळ्या, कापूर बंद डब्यात. कांदा-लसूण घातलेलं कालवण द्यायचं नाही.

झाडांत कण्हेर आणि सायकस नकोत. लिली तर गुच्छातलीसुद्धा नको: पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यालं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मनी प्लांट आणि डिफेनबाकियाने तोंडाची आग होते, लाळ गळते. जीव सहसा जात नाही. गुलाब, मोगरा, अरेका पाम चालतात. कुंडीत गहू पेरलात तर खायला तिचं हक्काचं गवत होईल.

आणि दोरा. शिवणाचा दोरा, राखी, दिवाळीची झिरमिळ्यांची माळ, संक्रांतीचा मांजा, केसांचा रबर. जिभेवरचे काटे आतल्या दिशेला असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा मांजराला थुंकता येत नाही, आणि आतड्यात तो करवतीसारखा चालतो. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका, तसंच दवाखान्यात न्या.

१६. आम्ही शाकाहारी. दूध-पोळीवर राहील का?

जगेल काही काळ. मांजराला टॉरिन हे द्रव्य पुरेसं बनवता येत नाही आणि ते प्राणिज अन्नातच असतं. कमी पडलं तर हृदय मोठं होतं आणि दृष्टी जाते. बाहेर फिरणारी मांजरं दूध-पोळीची भरपाई उंदीर मारून करायची. आत ठेवलेल्या मांजराला तो मार्ग तुम्हीच बंद केलेला असतो. घरात मांस शिजवायचं नसेल तर टॉरिन असलेलं तयार मांजरखाद्य वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्याने द्या. तेही नको असेल तर मांजर पाळू नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

१७. तीन वर्षं बाहेर फिरलेला बोका आता आत राहील?

बहुतेक राहतात. मुहूर्त मृगाचा धरा. पावसात मांजर आपण होऊन आत येतं आणि चार महिने तुमच्या बाजूचे असतात. आधी नसबंदी. मग जेवण फक्त घरात, ठरलेल्या वेळी, आणि जेवणानंतर दार बंद. आधी रात्री आत, मग दिवस कमी करत न्या. प्रश्न ८ मधली सगळी तयारी आधी झालेली हवी. दोन-तीन आठवडे तो दाराशी गळा काढेल. या काळात 'आजच्या दिवस जाऊ दे' म्हणून दार उघडलंत तर किती वेळ ओरडलं की दार उघडतं, एवढंच तो शिकतो.

अपवाद: माणसाच्या हाताला न लागलेलं, पूर्ण रानटी मोठं मांजर. त्याला घरात आणू नका. नसबंदी आणि लस करून त्याच्याच जागी सोडणं हेच त्याच्या भल्याचं.

१८. पट्टा बांधून खाली फिरवलं तर?

चालतं, सगळ्यांना नाही. गळपट्टा नको, हार्नेस हवा, आणि तो आधी घरात घालून सवय करा. घाबरलेलं मांजर मागे सरकत हार्नेसमधून निसटतं, म्हणून सोसायटीतली कुत्री जिथे असतात तिथे नेऊ नका. दाराशी उभं राहून ओरडलं म्हणून नेलं, असंही नको (प्रश्न १७ मधलाच धडा).

१९. सुटलीच! आता?

लांब शोधू नका. घरातलं मांजर सुटलं की पळत नाही, दडतं, आणि हाकेला ओ देत नाही. आधी स्वतःचा मजला, जिन्याखालची जागा, मीटरची खोली, शेजाऱ्यांच्या बाल्कन्या, छज्जे, उभ्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटमध्ये. मग रात्री दोन-तीनला, सगळं शांत झाल्यावर, टॉर्च घेऊन जा; डोळे चमकतात. वॉचमन, सफाई कामगार आणि कचरागाडीवाले यांना फोटो दाखवा, सोसायटीच्या ग्रुपवरच्या संदेशापेक्षा त्याचा उपयोग जास्त. दिसली तर धावू नका, खाली बसा, खाण्याचं पाकीट वाजवा. मायक्रोचिप आधीच बसवलेली असेल तर दवाखान्यात ओळख पटते, पण चिप ठिकाण दाखवत नाही.

२०. आमचं घर कोकणात आहे, दारं दिवसभर उघडी. तिथे हे कसं जमणार?

पूर्ण जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही मी धरणार नाही. नसबंदी, लस आणि तिन्हीसांजेपासून सकाळपर्यंत आत, एवढं केलंत तरी मोठा धोका टळतो. घाटाच्या बाजूला, जुन्नर-अकोल्याकडे, हे आणखी महत्त्वाचं. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के कुत्री निघाली आणि त्याखालोखाल १५ टक्के मांजरं. ओट्यावर झोपणारं मांजर बिबट्याला अंगणापर्यंत आणतं, म्हणजे हा प्रश्न फक्त मांजराचा राहत नाही.

२१. आम्ही परदेशात आहोत. इथले लोक उलटंच सांगतात.

देशागणिक रीत वेगळी आहे. ब्रिटनमध्ये मांजर बाहेर सोडणं स्वाभाविक मानतात; मात्र इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे, घरातल्याही. कॅनबेरात १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मांजरं आवारातच ठेवावी लागतात, तिथल्या पक्ष्यांसाठी. जर्मनीत मोकळं सोडायची पद्धत असली तरी वालडॉर्फ गावात जिल्हा प्रशासनाने २०२२ मध्ये तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या काळापुरती मांजरं घरात ठेवायला लावली. जर्मनीतल्या मराठी घरांना एक सूचना: वरून आत झुकणारी खिडकी उघडी ठेवून बाहेर जाऊ नका. मांजर त्या फटीतून निघायला जातं आणि खाली घसरून चिमटतं.

२२. खिडकीबाहेर दुसरा बोका आला की आमची मनी मलाच चावते. हे काय?

राग त्याच्यावर, हाताशी तुम्ही. मध्ये काच किंवा जाळी असल्यामुळे तो राग जवळच्यावर निघतो. दोन मांजरं असतील तर जिवाभावाच्या बहिणीही यावरून कायमच्या फाटतात. तेव्हा तिला उचलू नका, समजावू नका. दिवा मालवा, खोलीचं दार ओढून घ्या आणि पूर्ण शांत होऊन जेवायला येईपर्यंत एकटं सोडा. काही तास लागतात, कधी अख्खा दिवस. खिडकीचा खालचा अर्धा भाग दुधी कागदाने झाका, बाहेरच्या बोक्याला तुमच्या खिडकीखाली कुणी खायला घालत असेल तर ती जागा हलवायला सांगा, आणि त्याची नसबंदी झाली नसेल तर वर्गणी काढून करून घ्या.

चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम छोटी दिसते आणि आत पू धरतो. मनीच्या लसींचं कार्ड सोबत न्या. रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.